युगांडाला किनारा नाही, मग माझा कंटेनर उतरणार कुठे?

पॅनेलवाला_अंबड

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला माझं छोटं युनिट आहे, इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल बनवतो. अकरा माणसं आहेत. आजवर माल पुण्याला गेला, संभाजीनगरला गेला, फार लांब म्हणजे सुरतेला. आता पहिल्यांदाच देशाबाहेरची ऑर्डर आली आहे, कंपालाच्या एका पिठाच्या गिरणीची. चौदा पॅनेल, एक २० फुटी कंटेनर भरेल एवढा माल.

रात्री मुलीचा शाळेचा नकाशा उघडून बसलो. युगांडाला किनाराच नाही. पूर्वेला केनिया, दक्षिणेला टांझानिया आणि रवांडा. मग माझा कंटेनर उतरतो कुठे, आणि उतरल्यावर त्याच्यावर हुकूम कोणाचा? मध्येच केनियाने आपली ड्युटी लावली तर ती कोणी भरायची? गिरणीवाले म्हणतात 'सीआयएफ कंपाला' रेट द्या, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भाडं सगळं धरून. असा रेट देता येतो का?

आणि एक प्रश्न धंद्यापलीकडचा. असे देश वर्षानुवर्षं व्यापार करतात तरी कसा? शेजाऱ्याने वाट अडवली तर त्यांनी जायचं कुठे?

पैसे अडकले तर मला झेपणार नाही, म्हणून आधीच विचारतोय. ज्यांनी स्वतः माल पाठवलाय त्यांनी सांगितलं तर उपकार होतील.


कागदपत्रवाली

दादा, बरं केलंत आधी विचारलंत. बरेच जण कंटेनर जहाजावर चढल्यावर फोन करतात. मी एकोणीस वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं करते. आधी न्हावा शेवाला होते, आता नाशिकलाच आहे. समुद्र नसलेल्या आफ्रिकी देशांचे कागद ऑफिसात माझ्याच टेबलावर येतात.

तुमचा कंटेनर मोम्बासाला उतरेल. ते केनियाचं बंदर. तिथून कंपाला साधारण साडेअकराशे किलोमीटर, सगळा जमिनीचा प्रवास. केनियाची ड्युटी तुम्हाला लागत नाही, कारण कस्टम्सच्या लेखी तो माल केनियात आलेलाच नसतो, फक्त तिथून पुढे चाललेला असतो. यालाच ट्रान्झिट म्हणतात. २०१४ पासून पूर्व आफ्रिकेत 'सिंगल कस्टम्स टेरिटरी' नावाची पद्धत आहे. तुमच्या गिऱ्हाइकाचा एजंट माल मोम्बासात असतानाच युगांडाच्या कस्टम्सकडे घोषणापत्र भरतो, ड्युटी युगांडाच्या तिजोरीत जमा होते, मग बंदराचं गेट उघडतं. पूर्वी ही सगळी कटकट सीमेवर, मलाबाला, व्हायची आणि ट्रक दिवसचे दिवस रांगेत उभे राहायचे. आता कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं. गाडी ठरलेला रस्ता सोडून भलतीकडे वळली की पडद्यावर लगेच दिसतं. केनियाची काळजी समजण्यासारखी आहे: युगांडाच्या नावावर उतरलेला माल वाटेतच विकला गेला तर बुडते ती त्यांची ड्युटी.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुमचा माल अगदी तसाच आहे.

नोकरीची पहिली काही वर्षं होती. सातपूरच्या एका कारखान्याची स्विचबोर्डं कंपालाला चालली होती. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे शिपिंग लाइन मालाची पावती देते तिचा, ड्राफ्ट माझ्याकडे तपासायला आला. उतरण्याचं बंदर मोम्बासा, बरोबर. पण शेवटच्या पोच ठिकाणाच्या रकान्यातही मोम्बासाच छापलं होतं, आणि मालाच्या वर्णनाखाली 'इन ट्रान्झिट टू युगांडा' ही ओळ नव्हती. मी नाव, वजन, सील नंबर तीनदा तपासले आणि त्या ओळीवरून माझी नजर तशीच पुढे गेली. जहाजाच्या यादीत तो कंटेनर केनियाचा स्थानिक आयात माल म्हणून चढला. मग दुरुस्तीचे अर्ज, त्याची फी, शिपिंग लाइनचं पत्र, कस्टम्सची परवानगी. तेवीस दिवस कंटेनर यार्डात. फुकटचे दिवस केव्हाच संपले होते. यार्डाचं भाडं वेगळं चढत होतं, कंटेनरचं वेगळं.

पैशाचं एक वेळ सोडा. कंपालाला पेट्या उघडल्यावर त्यांनी फोटो पाठवले. समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेत बंद पेटीत तेवीस दिवस राहून बसबारवर, म्हणजे पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, हिरवट थर आला होता. आपल्याकडे तांब्याचा बंब महिनाभर न घासता ठेवला की येतो तसा. कारखान्याच्या मालकांनी मला एक शब्द बोलला नाही, स्वतःचा माणूस विमानाने पाठवून बसबार बदलून दिले. ते फोटो मी अजून जपून ठेवलेत. तेव्हापासून समुद्र नसलेल्या देशाचा ड्राफ्ट आला की मी सगळ्यात आधी ती एकच ओळ शोधते.

दर्यावर्दी देशाच्या बाबतीत ही चूक दोन दिवसांत निस्तरते, कारण बंदर आणि कस्टम्स दोन्ही एकाच सरकारचे. इथे बंदर एकाचं, माल दुसऱ्याचा, आणि मधला रस्ता पुन्हा पहिल्याचा. प्रत्येक चुकीला दोन सरकारांच्या सह्या लागतात. या देशांना माल महाग पडतो तो नुसत्या लांबीमुळे पडत नाही. माल नक्की कधी हातात येईल याचा भरवसा नसतो, म्हणून गिरणीवाल्याला जास्तीचा साठा करून ठेवावा लागतो, बँकेचं व्याज भरावं लागतं. कंपालाचा माणूस तुमच्याशी तारखेवरून घासाघीस करेल तेव्हा हे लक्षात ठेवा. तो उगाच करत नाही.

वाट अडवली तर काय, हे तुम्ही विचारलंत. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली पेटल्या, नैरोबीच्या किबेरा वस्तीत लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले. भांडण केनियाचं, पण पेट्रोल संपलं कंपालात. म्हणून शहाणे देश दुसरं दार शोधून ठेवतात. युगांडाचं दुसरं दार टांझानियाचं दार-ए-सलाम. तिथून रेल्वेने व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वान्झाला, तिथून फेरीने थेट कंपालाजवळच्या पोर्ट बेलला. वाट लांबची आहे, पण ती आहे म्हटल्यावर मोम्बासावालेही जरा सांभाळून वागतात.

याची सगळ्यात कठीण गोष्ट इथिओपियाची. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा सगळा किनारा गेला. तरी असाब बंदर वापरायला मिळत होतं. १९९८ मध्ये दोघांत युद्ध पेटलं, असाब बंद झालं, आणि एवढ्या मोठ्या देशाचा बोजा शेजारच्या छोट्याशा जिबूती देशावर आला. आजही नव्वद टक्क्यांहून जास्त व्यापार तिथूनच होतो. पण त्यांनी केलेली सोय बघण्यासारखी आहे. आमच्याकडून ट्रान्सफॉर्मर गेले तेव्हा बिलावर शेवटचं ठिकाण मोजो होतं, म्हणजे राजधानी आदिस अबाबाजवळचं कोरडं बंदर, समुद्रापासून लांब, जमिनीवरच कंटेनर उतरवून कस्टम्स करायची जागा. इथिओपियाची सरकारी शिपिंग कंपनी आहे, तिची स्वतःची जहाजं आहेत. तीच कंपनी एका बिलावर माल जिबूतीत उतरवून घेते आणि मोजोला आणते. ड्युटीचं सगळं काम मोजोत, त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत. २०१८ पासून जिबूती ते आदिस साडेसातशे किलोमीटरची विजेची रेल्वेही चालू आहे.

आता तुमच्या रेटचं. 'सीआयएफ कंपाला' लिहून देऊ नका. सीआयएफ हा समुद्राचा शब्द, बंदराशी संपतो. मोम्बासापर्यंत द्यायचं तर सीआयएफ मोम्बासा म्हणा. कंपाला पोच द्यायचं तर सीआयपी कंपाला म्हणा, म्हणजे ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं भाडं आणि विमा तुमचा, आणि त्यात पुढचं ट्रकभाडं, विमा आणि रिकामा कंटेनर परत मोम्बासाला आणायचा खर्च धरा. हा शेवटचा खर्च नवे लोक हमखास विसरतात. डबा शिपिंग लाइनचा असतो, तो परत द्यावाच लागतो, आणि लांबच्या देशात जाणाऱ्या डब्यासाठी त्या बऱ्याचदा डिपॉझिटही मागतात. शिवाय युगांडाच्या मानक संस्थेचं तपासणी प्रमाणपत्र माल निघायच्या आधीच लागतं. पॅनेल त्यात येतात का, हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या.


पिंपळगाव_ट्रान्सपोर्ट

ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. मी जहाजवाला नाही, आमच्या सहा गाड्या आहेत, पिंपळगाव बसवंतहून कांदा आणि द्राक्षं नेपाळला जातात. त्यामुळे शेजाऱ्याने वाट अडवली म्हणजे काय, ते मी ट्रकच्या केबिनमधून बघितलंय.

सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली. तिकडच्या तराईतले मधेशी लोक तिच्यावर नाराज होते, ते रक्सौल-बीरगंजच्या सीमेवरच्या मितेरी पुलावर येऊन बसले. नेपाळ म्हणायचं भारतानेच नाकेबंदी केलीय, भारत म्हणायचा अडथळा तुमच्या बाजूला आहे. फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे चाललं. काठमांडूत गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत. ऐन थंडीत लोक चुलीवर आले, आणि ते भूकंपाचंच वर्ष होतं.

आमची गाडी जानेवारीत निघाली, बागलाणची अर्ली द्राक्षं घेऊन. रक्सौल बंद म्हणून सोनौलीकडे वळवली, तर तिकडे सगळ्या देशाच्या गाड्या. ड्रायव्हर रोज फोन करायचा, शेठ आज चारशे मीटर सरकलो. पाचव्या दिवशी म्हणाला, कॅरेटच्या तळाला हात लावला तर बोटं चिकट होतात. द्राक्षं गळायला लागली होती. सातव्या दिवशी त्याने अर्धी गाडी गोरखपूरला मिळेल त्या भावात दिली. ज्यांच्या बागेतला माल होता त्या दोन भावांसमोर उभं राहून हिशेब सांगताना माझा आवाज निघत नव्हता.

आमचं नुकसान एका गाडीचं. पण पलीकडचा जो व्यापारी होता, बीरगंजचा, पंधरा वर्षांची ओळख, त्याने एक गोष्ट सांगितली ती विसरलो नाही. म्हणाला, भाईसाब, १९८९ मध्ये पण असंच झालं होतं, करार संपले आणि दोन सोडून सगळी नाकी बंद झाली, तेव्हा मी शाळेत होतो, आता माझा मुलगा शाळेत आहे. 

आणि आपण कांद्याची निर्यात अधूनमधून बंद करतो, डिसेंबर २०२३ मध्ये केली तशी, तेव्हा लासलगावला लिलाव बंद पडतात ते सगळ्यांना दिसतं. त्याच दिवशी नेपाळच्या बाजारात काय होतं ते कोणी विचारत नाही. त्यांना दुसरीकडून जहाज मागवून स्वतःच्या बंदरात उतरवायची सोय नाही.


भूगोलाचे_सर_पंचवटी

पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हा धडा अर्ध्या पानाचा असायचा आणि तेवढ्यावर माझं कधी समाधान झालं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जगात समुद्र नसलेले ४४ देश आहेत. उझबेकिस्तान आणि लिश्टेनस्टाइन तर असे की त्यांचे शेजारीसुद्धा समुद्राविना. या देशांना कायद्याने हक्क आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात दहावा भाग खास यांच्यासाठी आहे. कलम १२५ म्हणतं, या देशांना समुद्रापर्यंत ये-जा करण्याचा हक्क आहे आणि शेजारी देशातून माल नेण्याचं स्वातंत्र्य आहे. कलम १२७ म्हणतं, अशा मालावर जकात लावता येणार नाही, केलेल्या कामाचा मोबदला तेवढा घ्या. पॅनेलवाले, तुमच्या ड्युटीच्या प्रश्नाची मुळं इथे आहेत.

पण त्याच कलम १२५ ची पुढची दोन पोटकलमं वाचली की सगळा खेळ समजतो. हक्क कसा वापरायचा ते दोन्ही देशांनी आपसांत कराराने ठरवायचं, आणि वाट देणाऱ्या देशाने स्वतःच्या हितासाठी योग्य ती काळजी घ्यायची. म्हणजे वाट मागण्याचा हक्क पक्का, पण वाट कोणती, किती वाजता, कोणत्या कागदावर, हे शेजाऱ्याशी बसून ठरवावं लागतं. नेपाळच्या बाबतीत पिंपळगावकरांनी सांगितलं ते या फटीतूनच घडतं. नेपाळने नंतर ही फट बुजवायचा प्रयत्न केला. कोलकाता आणि हल्दियाच्या जोडीला विशाखापट्टणम मिळवलं, आणि २०१९ मध्ये चीनशी करार करून त्यांची चार बंदरं वापरण्याची परवानगी घेतली. नकाशावर ती चार बंदरं छान दिसतात. मधे हिमालय आणि तिबेटचं पठार आहे, त्यामुळे माल आजही प्रामुख्याने कोलकात्याहूनच येतो. बीरगंजला रेल्वेने जोडलेलं कोरडं बंदर आहे, कोलकात्याहून सातशे किलोमीटर.

बोलिव्हियाचं दुःख वेगळंच. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने त्यांचा किनारा घेतला. १९०४ च्या तहात चिलीने कायमची विनाशुल्क वाट दिली, आरिका ते ला पाझ रेल्वे बांधून दिली. माल जातो, येतो. तरी दरवर्षी २३ मार्चला बोलिव्हिया 'समुद्र दिन' पाळतो, त्यांचं नौदलही आहे, तितिकाका सरोवरात आणि नद्यांमध्ये. त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली की चिलीला निदान बोलणी करायला लावा. १ ऑक्टोबर २०१८ रोजी १२ विरुद्ध ३ मतांनी निकाल त्यांच्या विरोधात गेला. वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं एकदम गप्प व्हायची. वाट मिळणं आणि किनारा आपला असणं यातला फरक त्यांना न समजावता समजायचा.

उलट बाजूला स्वित्झर्लंड. १८६८ च्या मानहाइम करारापासून ऱ्हाइन नदी नौकानयनाला खुली आहे, बाझेलपर्यंत बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, येतात. दुसऱ्या महायुद्धात धान्य आणायची पंचाईत झाली तेव्हा, १९४१ मध्ये, त्यांनी स्वतःच्या झेंड्याखाली समुद्री जहाजं घेतली. किनारा नसलेल्या देशाच्या झेंड्यालाही समुद्रावर मान आहे, हे १९२१ मध्ये बार्सिलोनाला ठरलं होतं म्हणून ते जमलं. आज जगातली सगळ्यात मोठी कंटेनर कंपनी एमएससी हिचं मुख्यालय जिनिव्हात आहे. चेक लोकांनी तर व्हर्सायच्या तहाच्या आधारे हॅम्बुर्ग बंदरातला एक तुकडाच १९२९ पासून ९९ वर्षांसाठी भाड्याने घेतला, २०२८ मध्ये ती मुदत संपते. पराग्वेही नदीवर जगतो. सोयाबीनने भरलेले बार्जचे ताफे पाराना नदीतून खाली समुद्राकडे जातात. २०२१ मध्ये दुष्काळाने त्या नदीचं पाणी कित्येक दशकांत उतरलं नव्हतं एवढं उतरलं, तेव्हा बार्ज अर्धे भरून सोडावे लागले. गोदावरीच्या गंगाघाटावर उभं राहून आपण पाण्याची पातळी बघतो ती पुराच्या भीतीने, ते बघतात ती बंदर गाठण्यासाठी.

मी जमेल तेवढं शोधून बघितलं, आणि मला एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. ज्या देशांच्या शेजाऱ्यालाही त्या वाहतुकीतून पोट भरता येतं, त्यांची वाट सहसा बंद होत नाही.


पॅनेलवाला_अंबड

सर, ताई, पिंपळगावकर, मनापासून आभार. तिघांचं सगळं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, नाशिकलाही समुद्र नाही. खरंच आहे की. पण कसाऱ्याचा घाट उतरून न्हावा शेवाला जाताना आपल्याला कोणी कागद मागत नाही, कोणाच्या निवडणुकीची धास्ती नसते. हे आजवर कधी मनातच आलं नव्हतं.

गिरणीवाल्यांशी काल बोललो. सीआयपी कंपाला ठरलं. ट्रकभाडं आणि रिकाम्या डब्याचा खर्च वेगळा दाखवला, त्यांनी लगेच मान्य केला. उलट म्हणाले, तुम्ही विचारून लिहिलंय हे कळतंय. तारीख मात्र त्यांनी तीन आठवडे आधीची मागितली, आणि या वेळी मी वाद घातला नाही. ताई, दोन शंका राहिल्या. वाटेत काही झालं तर जोखीम कोणाची? आणि बसबारचं काय करू?


कागदपत्रवाली

दादा, सीआयपीमध्ये विमा आणि भाडं तुमचं, पण माल पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम गिऱ्हाइकाची. तरी विमा कंपालातल्या गोदामापर्यंतचाच काढा, मोम्बासापर्यंतचा नको. काही एजंट सवयीने बंदराचंच नाव टाकतात. पैशांचं म्हणाल तर थोडा अॅडव्हान्स घ्या आणि बाकीसाठी ईसीजीसीचं, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विमा कंपनीचं, कव्हर विचारा, पहिल्या ऑर्डरला तेवढं हवंच.

बसबारला टिनचा मुलामा करून घ्या. अंबडमध्येच करून देणारे आहेत, तुम्हाला माहीत असतीलच. प्रत्येक पॅनेलमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, वरून जाड प्लास्टिकची बंद पिशवी, मग लाकडी पेटी. लाकडावर धुरी दिल्याचा शिक्का असू द्या, नसेल तर तिकडे पेटीच अडते.

आणि ड्राफ्टमध्ये या तीन जागा बघा. उतरण्याचं बंदर मोम्बासा. पोच ठिकाण कंपाला. मालाच्या वर्णनाखाली 'गुड्स इन ट्रान्झिट टू युगांडा'. तिन्ही दिसल्याशिवाय ओके कळवू नका. ड्राफ्ट बहुतेक संध्याकाळी येतो आणि सकाळपर्यंत उत्तर मागतात, तेव्हा आला की मला इथेच मेसेज टाका. मी रात्री अकरापर्यंत जागी असते.